ओतरीव्हचा ‘आदर्श राजवाडा’ : कोणत्या बाजूने पाहावा

फ्रान्सच्या आग्नेय भागात, ल्यों शहराच्या दक्षिणेला, द्रोम जिल्ह्यात ओतरीव्ह नावाचे एक लहान गाव आहे. तेथे एका पोस्टमनने एकट्याने बांधलेली ‘पाले इदेआल’ म्हणजे ‘आदर्श राजवाडा’ ही वास्तू तिकीट काढून पाहता येते. माझा भाचा ल्योंमध्ये शिकतो. त्याच्याकडे गेलो असताना आम्ही दोघांनी तेथे सकाळपासून दुपार कलेपर्यंतचा वेळ घालवला. जगप्रसिद्ध वास्तूंच्या हुबेहूब प्रतिकृती पाहायला मिळतील अशा समजुतीने जाणाऱ्याची तेथे निराशा होईल. दगड, चुना आणि दोन हात एवढ्याच भांडवलावर माणूस किती लांब जाऊ शकतो हे ज्याला पाहायचे असेल, त्याचा मात्र दिवस सार्थकी लागेल. मी तीस वर्षे सरकारी बांधकाम खात्यात शाखा अभियंता म्हणून काढली असल्यामुळे माझी नजर भिंतीच्या रूपापेक्षा तिच्या सांध्याकडे आधी जाते, हे वाचकांनी पुढील मजकूर वाचताना लक्षात ठेवावे.

बांधणाऱ्याचे नाव फर्दिनां शवाल. जन्म 1836चा, शिक्षण जेमतेम, तरुणपणी बेकरीत उमेदवारी आणि 1867पासून टपाल खात्यात नोकरी. (फ्रेंच भाषेत ‘शवाल’ म्हणजे घोडा, आणि रोज सुमारे 32 किलोमीटर पायी टपाल वाटणाऱ्या माणसाला हे आडनाव शोभून दिसते.) एवढ्या लांबच्या एकट्याच्या चालीत माणूस डोक्यात काही ना काही रचत राहतो. शवालने एक राजवाडा रचला होता आणि लोक हसतील म्हणून तो वर्षानुवर्षे कुणाला सांगितला नव्हता. 1879 साली, वयाच्या 43व्या वर्षी, वाटेत एका दगडाला त्याचा पाय अडखळला. दगडाचा आकार इतका विलक्षण होता की त्याने तो उचलून खिशात घातला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी जाऊन आणखी दगड आणले. पुढे खिसे पुरेनात म्हणून टोपल्या आल्या आणि टोपल्या पुरेनात म्हणून एकचाकी हातगाडी आली. हे काम 1912पर्यंत, म्हणजे 33 वर्षे चालले. बांधकामाचे, शिल्पाचे किंवा आरेखनाचे शिक्षण त्याला कधीच मिळाले नव्हते.

राजवाडा हा शब्द ऐकून दालने, दिवाणखाना आणि शयनगृहे यांची कल्पना करू नये. सुमारे 26 मीटर लांब, एका टोकाला 14 आणि दुसऱ्या टोकाला 12 मीटर रुंद आणि उंचीला दहा मीटरच्या आसपास असलेल्या या वास्तूत राहण्याजोगी एकही खोली नाही. मधून लांबीभर जाणारा अरुंद बोगदेवजा मार्ग, वळणावळणाचे जिने आणि वर गच्ची एवढाच काय तो आतला भाग, आणि शवाल स्वतः त्यात एक दिवसही राहिला नाही. राहण्यासाठी त्याने शेजारीच वेगळे घर बांधले. 1894 साली वयाच्या पंधराव्या वर्षी वारलेल्या ॲलिस या मुलीच्या आठवणीने त्याला त्याने ‘व्हिला अ‍ॅलिसियस’ असे नाव दिले. घर म्हणून जे बांधले त्याच्याकडे आज फारसे कुणी पाहत नाही आणि जे निरुपयोगी म्हणून गावाने हसण्यावारी नेले त्याच्यासाठी लोक दुरून येतात.

आता प्रतिकृतींविषयी. पश्चिमेकडच्या भिंतीत ओळीने कोनाडे काढून शवालने जगभरातील वास्तूंचे छोटे नमुने बसवले आहेत. त्यांत हिंदू मंदिर आहे, स्वित्झर्लंडमधील लाकडी घर आहे, अमेरिकेचे व्हाइट हाउस आहे, अल्जियर्सचे ‘चौकोनी घर’ आहे आणि मध्ययुगीन किल्लाही आहे. याच बाजूला मशीदही आहे. यांतील वास्तू त्याने प्रत्यक्ष पाहून नव्हे, तर चित्रांवरून केल्या. त्या काळी सचित्र मासिके आणि चित्रपोस्टकार्डे यांतून जग खेड्यापर्यंत येत होते आणि ते घरोघर पोहोचवण्याचे काम पोस्टमनकडेच होते. दुसऱ्यांच्या नावे आलेले जग वाटता वाटता त्याने पाहून घेतले, असे म्हणायला हरकत नाही.

हिंदू मंदिरापुढे मी बराच वेळ उभा राहिलो, कारण नाशिकला राहणाऱ्या माणसाला सिन्नरच्या गोंदेश्वराची सवय असते. गोंदेश्वराचे शिखर तळापासून कळसापर्यंत एकाच ओघात वर चढते. त्याच्या प्रत्येक थराला खालच्या थराचे देणे असते आणि मंडपातून गाभाऱ्याकडे जाताना उजेड कमी होत जाण्यालाही कारण असते. ओतरीव्हच्या नमुन्यात यातले काही शोधू नये. पाटी नसती तर मला ते मंदिर म्हणून ओळखता आले नसते. व्हाइट हाउसचीही तीच गत आहे. ती इमारत जिच्या प्रमाणबद्धतेमुळे ओळखली जाते ती प्रमाणबद्धताच येथे गळून गेली आहे आणि उरली आहे ती एक गुबगुबीत, काहीशी वितळल्यासारखी दिसणारी पांढुरकी वास्तू. नमुना म्हणून परीक्षा घ्यायची तर शवालला उत्तीर्ण करता येणार नाही.

हे मी भाच्याला जरा अधिकारवाणीनेच सांगत होतो, तेव्हा तो म्हणाला, “मामा, आपण दिवाळीत वाड्यात किल्ला करायचो तेव्हा तुम्ही असं म्हणाला नव्हतात. आमचा रायगड तरी कुठे रायगडासारखा होता?” बोलणे बरोबर होते. आपल्याकडे दर दिवाळीला अंगणात माती, विटांचे तुकडे आणि पोत्यांचे गोणपाट यांतून जे रायगड-प्रतापगड उभे राहतात, ते करणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांनी मूळ गड पाहिलेला नसतो. कुणाच्या तरी पुस्तकातले चित्र, मोठ्या भावाने मागच्या वर्षी केलेला किल्ला आणि घरातल्या आजोबांचे वर्णन एवढ्यावर तो बांधला जातो. त्यात बुरुजापेक्षा मावळा मोठा असतो, तोफ दरवाजापेक्षा रुंद असते, पायथ्याच्या तळ्यात प्लास्टिकचे बदक पोहत असते आणि पेरलेले हळीव उगवून आले की गडावर मावळ्यांच्या कमरेइतके रान माजते. तरीही कुणी त्या किल्ल्याला चुकलेली प्रतिकृती म्हणत नाही, कारण मोजमाप बिघडले असले तरी करणाऱ्याच्या मनात कशाचे महत्त्व किती होते ते त्यातून स्पष्ट कळते. महाराज सर्वांत मोठे, कारण ते महाराज आहेत.

ओतरीव्हचा राजवाडा या नजरेने पाहिला की पश्चिमेची भिंत एकदम सुसंगत वाटू लागते. तेथे मंदिर, मशीद, डोंगरातले घर आणि राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान हे सगळे एकाच उंचीच्या ओळीत, एकाच चुन्यात आणि एकाच माणसाच्या बोटांच्या ठशांखाली नांदतात. मोठे-लहान ठरवण्याची फूटपट्टी शवालकडे नव्हती किंवा असली तरी ती त्याने वापरली नाही. तरीही, स्पष्ट सांगायचे तर, ही बाजू मला दुय्यमच वाटली. चित्र समोर ठेवून काम करताना त्याचा हात बुजल्यासारखा झाला आहे. रेषा सरळ करण्याचा प्रयत्न दिसतो आणि तेथेच त्याच्या हातातली मजा कमी होते.

खरी मजा पूर्वेला आहे. काम सुरू झाले ते येथेच, एका कारंज्यापासून, ज्याला त्याने ‘जीवनाचा झरा’ असे नाव दिले. ही एक बाजू पुरी करायला त्याला सुमारे वीस वर्षे लागली. सकाळी ऊन थेट तिच्यावर पडते आणि पृष्ठभागावरचा एकेक फुगवटा सावलीसह उठून दिसतो, म्हणून माझा आग्रह राहील की दार उघडताच आधी येथे यावे आणि पश्चिम बाजू दुपारसाठी ठेवावी. भिंत सपाट अशी कुठेच नाही. खडे, गोटे, पाण्याने झिजून भोके पडलेले दगड, गोगलगायींची कवचे आणि कालवांचे शिंपले हे सारे चुन्यात आणि सिमेंटमध्ये असे बसवले आहे की दगड कुठे संपला आणि घडवलेला आकार कुठे सुरू झाला ते बोटाने दाखवता येत नाही. मधोमध तीन राक्षसी उंचीचे पुरुष उभे आहेत : ज्युलियस सीझर, रोमनांशी लढणारा गॉल (फ्रान्सच्या प्राचीन रहिवाशांचा) सरदार वेर्सिंजेतोरिक्स आणि आर्किमिडीज. जिंकणारा, हरणारा आणि गणिती या तिघांना एका रांगेत उभे करावेसे का वाटले असेल, यावर आम्ही दोघांनी बराच वाद घातला. त्यांचे पाय लांबट आणि काठीसारखे आहेत, चेहरे अगदी साधे आहेत आणि अंगभर खडे टोचलेले आहेत. त्यांच्या मधल्या जागेत दोन लहान स्त्रीमूर्ती आहेत, एक गॉल लोकांची पुजारीण आणि दुसरी इजिप्तची देवी. बुरुजापेक्षा मावळा मोठा असण्याचे याहून मोठे उदाहरण मी पाहिलेले नाही.

एका जागी मी जवळ जाऊन पाहिले, अर्थात हात न लावता. तळहाताएवढ्या भागात मला सात वेगवेगळे खडे मोजता आले आणि प्रत्येकाभोवतीचा चुना वेगळ्या दाबाने भरलेला होता. गवंडी दगडांमधले सांधे भरतो तेव्हा थापीची एक ठराविक चाल असते आणि शंभर दगडांनंतरही ती बदलत नाही. धंद्यात तसेच हवे, कारण मजुरी दिवसावर असते. येथे मात्र प्रत्येक खड्याला त्याच्या आकाराप्रमाणे जागा करून दिलेली दिसते. दगड बसवण्याआधी तो हातात घेऊन पुष्कळ फिरवून पाहिला असणार, यात मला शंका नाही. याउलट हेमाडपंती बांधणीत दगडच इतके नेमके घडवतात की चुना लागतच नाही. तेथे दगडाला भिंतीचे ऐकावे लागते आणि येथे भिंत दगडाचे ऐकते.

बांधकामाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. पुढे आलेले अवयव, फांद्या आणि पक्ष्यांच्या माना यांना आधार म्हणून शवालने आत लोखंडी तारा आणि सळ्या घालून वर चुना-सिमेंट चढवले आहे. लोखंड घातलेले काँक्रीट त्या काळी फ्रान्समध्ये नुकतेच रुळू लागले होते, आणि या माणसाने तेच तत्त्व गरजेपोटी आपल्या परसात वापरले. त्याचा तोटाही ओघाने येतो : पाणी आत शिरून लोखंड गंजले की ते फुगते आणि वरचा थर फोडते. उघड्यावर असलेल्या अशा इमारतीची देखभाल म्हणजे सततचे दुखणे आहे. जेथे काम चालू असेल तेथे पडदे लावलेले दिसले तर कुरकुर करू नये.

इमारतीवर ठिकठिकाणी शवालने स्वतःची वाक्ये कोरली आहेत. त्यांतल्या एका मजकुरात त्याने आपला हिशेब मांडला आहे : 1879 ते 1912, दहा हजार दिवस, 93 हजार तास, 33 वर्षांचे कष्ट. माझ्यातला शाखा अभियंता येथे जागा झाला आणि मी खिशातली वही काढली. 33 वर्षांचे साधारण बारा हजार दिवस होतात, म्हणजे बारातले दहा दिवस काम झाले असे धरायचे. 93 हजार तासांना दहा हजारांनी भागले की दिवसाला नऊ तासांहून थोडे अधिक येतात. 1896मध्ये निवृत्त होईपर्यंतची सतरा वर्षे त्याला रोज 32 किलोमीटर चालायचेही होते, त्यात सहा-सात तास सहज जातात. राहिलेल्या आठ तासांत झोप, जेवण आणि संसार. अशा हजेरीपटावर मी खात्यात सही केली नसती. पण दिव्याच्या उजेडात रात्री-रात्री काम करणारा माणूस तासांचा हिशेब ठेवतो तेव्हा तो मजुरी मागण्यासाठी ठेवत नसतो, आणि थोडा फुगवला असला तरी तपासायला वरिष्ठ कुठे होते? याच मजकुरात त्याने आपल्याहून चिकाटीचा कुणी असेल तर त्याने कामाला लागावे असे आव्हानही दिले आहे. समोरच्या भिंतीकडे पाहिल्यावर ते आव्हान पोकळ वाटत नाही.

आतल्या मार्गात प्राण्यांच्या आणि झाडांच्या आकृत्यांची इतकी गर्दी आहे की पहिल्या फेरीत काहीच हाती लागत नाही. मार्ग अरुंद आहे आणि समोरून शाळेची सहल आली तर भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागते. मात्र एका कोनाड्यापाशी थांबायलाच हवे. तेथे शवालने आपली एकचाकी हातगाडी ठेवली आहे आणि तिच्या तोंडी काही ओळी घातल्या आहेत, ज्यांत ती स्वतःला त्याची इमानी सोबतीण म्हणवते. आपल्याकडे दसऱ्याला करवत, थापी आणि ओळंबा यांना हळदकुंकू वाहून झेंडूची फुले घालतात. त्या रिवाजात वाढलेल्या माणसाला हा कोनाडा समजावून सांगावा लागत नाही. भाच्याने तेथे नकळत चपला काढल्या आणि मग ओशाळून पुन्हा घातल्या. ज्या दगडाला शवाल अडखळला तो वर गच्चीवर मांडून ठेवला आहे. त्यात देखणे असे काही नाही, सुजलेल्या मुळासारखा दिसतो.

गावाने शवालला वेडा ठरवले होते, तरी त्याच्या हयातीतच लोक पाहायला येऊ लागले. पुढे 1931 साली आंद्रे ब्रतों हा कवी येथे आला आणि अतिवास्तववाद्यांनी, म्हणजे स्वप्नातल्यासारख्या कल्पनांना कलेत स्थान देणाऱ्या त्याच्या गटाने, शवालला आपला पूर्वज मानले. पिकासोनेही त्याच्यावर रेखाचित्रांची मालिका काढली. सरकारी पातळीवर मात्र मत वेगळे होते. साठच्या दशकात खात्याच्या अहवालात ही वास्तू कुरूप ठरवण्यात आली आणि ती एका गावंढळ डोक्यातली खुळे असल्याचा शेरा मारण्यात आला. तो शेरा बाजूला सारून सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी 1969 साली तिला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला. अहवालाविरुद्ध निर्णय घेणारा मंत्री मी नोकरीत पाहिला नाही असे नाही, पण तो अशा कारणासाठी पाहिला नाही. 1984मध्ये फ्रेंच टपाल खात्याने या राजवाड्याचे तिकीट काढले. आपल्याकडच्या वाचकांना चंडीगडच्या रॉक गार्डनची आठवण येईल. तेथे नेकचंद हे बांधकाम खात्यातले रस्ता निरीक्षक होते आणि त्यांनीही वर्षानुवर्षे चोरून टाकाऊ वस्तूंतून आपले राज्य उभारले. दोन्ही पाहिलेल्या माणसाला विचाराल तर रॉक गार्डन फिरायला अधिक सुखाचे आहे आणि ओतरीव्ह एका जागी उभे राहून पाहायला अधिक श्रीमंत आहे.

सोयींबाबत थोडेसे. स्वतःचे किंवा भाड्याचे वाहन असल्यास ल्योंहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. सार्वजनिक वाहनाने जायचे असल्यास आगगाडी आणि बस यांची जोडणी आदल्या दिवशीच नीट पाहून ठेवावी, कारण गाव मुख्य रेल्वेमार्गावर नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी गच्चीचे जिने जपून चढावेत, पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत आणि त्या तशा असतील अशी अपेक्षाही करू नये. इमारत पूर्ण पाहायला दीड तास पुरतो असे म्हणतात. आम्हाला साडेतीन तास लागले आणि त्याची किंमत जेवणाने मोजावी लागली. दोन वाजून गेल्यावर गावातल्या एका उपाहारगृहात आम्हाला नम्रपणे, पण ठामपणे, स्वयंपाकघर बंद झाल्याचे सांगण्यात आले. फ्रान्सच्या लहान गावांत दुपारच्या जेवणाची वेळ म्हणजे मुहूर्तच असतो, टळला की टळला. संध्याकाळी परतताना या भागाची खासियत असलेल्या ‘राव्हिओल’ मिळाल्या. बोटाच्या पेराएवढ्या चौकोनी, पातळ पारीच्या या पुड्यांत चीज आणि पार्सली भरलेली असते आणि त्या मिनिटभर उकळून लगेच वाढतात. मांस नसले तरी पारीत अंडे असते, हे शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावे. मी तीन वेळा वाढून घेतल्या.

निघण्यापूर्वी गावच्या दफनभूमीत मात्र अवश्य जावे. शवालला राजवाड्यातच पुरले जाण्याची इच्छा होती आणि त्यासाठी त्याने आत जागाही केली होती, पण परवानगी मिळाली नाही. मग 78व्या वर्षी त्याने पुन्हा हातगाडी बाहेर काढली आणि 1914 ते 1922 अशी आठ वर्षे खपून दफनभूमीत आपली कबर बांधली. 1924 साली तो वारला आणि तेथेच आहे. या कबरीत मंदिर नाही, मशीद नाही, व्हाइट हाउस नाही. गाठाळ वेलींसारखे आणि सापांसारखे आकार एकमेकांत वळत वर गेले आहेत, आणि चुना भरताना बोट जेथे शेवटचे फिरले तेथली वळी अजून दिसते. आम्ही पोहोचलो तेव्हा शेजारच्या कबरीवर एक बाई फुलांना पाणी घालत होत्या. त्यांनी झारीत उरलेले पाणी जाता जाता शवालच्या पायाशी ओतले.